चार खणांची पेटी
(प्रस्तावना)

संगणकाच्या टेबलाच्या खणात तीन-चार एक्स्टर्नल हार्ड डिस्क पडलेल्या नाहीत असं घर आता शहरात शोधावं लागतं. एकीवर 'फोटो २०१४ ते १८' अशी चिठ्ठी, दुसरीवर 'ताईचं लग्न, मूळ व्हिडिओ', तिसरीवर काहीच लिहिलेलं नाही, आणि चौथी लावली की टकटक वाजते म्हणून तिला कोणी हात लावत नाही. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याच्या स्टुडिओत अशा डिस्कांचं कपाटच असतं. नाट्यसंस्था, तालुक्याचं ग्रंथालय, दिवाळी अंक काढणारं दोन खोल्यांचं कार्यालय, कीर्तनांची ध्वनिमुद्रणं जपणारं एखादं मंडळ, सगळीकडे हीच कथा. मग कोणीतरी लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशीला जातो आणि दुकानदार सांगतो, "साहेब, चार बेचं एन्क्लोजर घ्या, रेड लावून देतो, टेन्शन संपलं."

ही पुस्तिका त्या वाक्यातल्या शेवटच्या दोन शब्दांबद्दल आहे. दुकानदार खोटं बोलत नाही. पेटी, म्हणजे ते एन्क्लोजर, चांगली वस्तू आहे, आणि ज्याच्याकडे दोन-तीन टेराबाइटच्या वर जपण्यासारखं काही आहे त्याने ती घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. पण टेन्शन संपत नाही. ते विखुरलेलं असतं ते एका जागी गोळा होतं, आणि एका जागी गोळा झालेल्या गोष्टीची काळजी घेणं सोपं असतं, एवढाच पेटीचा खरा फायदा.

आधी पेटीत काय असतं ते पाहू. अ‍ॅल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा सांगाडा, साडेतीन इंची डिस्क सरकवायला चार खण, मागे पंखा, बाहेर वीज देणारा अडॅप्टर आणि आत एक सर्किट बोर्ड. त्या बोर्डावर एक लहानशी चिप असते, बहुतेक वेळा जेमायक्रॉन किंवा एएसमीडिया या तैवानी कंपन्यांपैकी एकीची. संगणकाकडून यूएसबी येते, डिस्कांना साटा लागते. या दोघींमधली दुभाषी म्हणजे ही चिप. पेटीवर नाव कुठल्याही ब्रँडचं असो, वागणूक या चिपची असते. म्हणून पेटी घेताना रंगरूपाच्या आधी आत कुठली चिप आहे हे विचारावं. दुकानात बहुधा उत्तर मिळणार नाही, पण विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला निदान जुना माल खपवला जात नाही.

या पेटीला स्वतःचं डोकं नसतं. संगणक चालू असेल तोवरच ती कामाची. नेटवर्कला जोडायचा जो 'नॅस' नावाचा प्रकार मिळतो त्यात एक पूर्ण छोटा संगणकच असतो. तो घरातल्या पाच जणांना एकाच वेळी फायली देतो, पण महागही असतो आणि त्याची देखभाल म्हणजे एक वेगळं घर सांभाळणं असतं. एकाच टेबलावर बसून व्हिडिओ कापणाऱ्याला, स्कॅन केलेली पानं नीट लावणाऱ्याला साधी पेटी पुरते, आणि साध्या गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला जेमतेम ११० मेगाबाइट येतात तिथे थेट केबलने जोडलेली पेटी त्याच्या कितीतरी पट देते. या पुस्तिकेत नॅसचा विचार केलेला नाही.

आता रेड. चार डिस्क एकत्र बांधण्याची ही कल्पना जुनी आहे. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. त्या काळी मोठ्या संगणकांना लागणाऱ्या डिस्क अवाढव्य आणि भयंकर महाग असत, आणि वैयक्तिक संगणकांमुळे लहान, स्वस्त डिस्क बाजारात येऊ लागल्या होत्या. तिघांचं म्हणणं असं, की एका महाग डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र जुंपा. वेगही मिळेल आणि पैसेही वाचतील. अडचण त्यांनीच मांडली होती. एका डिस्कऐवजी शंभर लावल्या तर त्यातली कोणतीतरी एक बिघडण्याची शक्यता जवळपास शंभर पट होते. म्हणून काही जागा जादा ठेवायची आणि त्या जागेतल्या हिशेबावरून मेलेल्या डिस्कवरचा मजकूर परत मिळवायचा. रेड (RAID) या नावातल्या 'आय'चा अर्थ त्या निबंधात 'स्वस्त' असा होता; पुढे डिस्क विकणाऱ्या कंपन्यांना तो शब्द बोचला असावा, कारण बाजारात तो 'स्वतंत्र' असा झाला.

हिशेब कसा चालतो ते एकदा नीट कळलं की पुढच्या निम्म्या शंका उरत नाहीत. समजा पहिल्या डिस्कवर ७ हा आकडा आहे, दुसरीवर ५, तिसरीवर ९. चौथीवर आपण त्यांची बेरीज ठेवली, २१. उद्या दुसरी डिस्क मेली. २१ मधून ७ आणि ९ वजा केले की ५ परत मिळतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी शून्य आणि एक यांच्यावर 'एक्सॉर' नावाची क्रिया करतात, आणि बेरजेचा भार एकाच डिस्कवर न टाकता तो चौघींवर आलटून पालटून वाटतात. यालाच रेड ५ म्हणतात आणि त्या जादा आकड्याला पॅरिटी. आठ-आठ टेराबाइटच्या चार डिस्क असतील तर २४ टेराबाइट वापरायला मिळतात, आठ हिशेबात जातात. दोन डिस्क एकदम गेल्या तरी चालावं असं वाटत असेल तर रेड ६. मग हाती १६ उरतात. दोन-दोन डिस्कांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीत तेच दोनदा लिहायचं तो रेड १०, त्यातही १६. आणि रेड ०, म्हणजे चौघींवर मजकूर फाडून वाटायचा, जादा काहीच ठेवायचं नाही. ३२ टेराबाइट आणि भरपूर वेग, पण एक डिस्क गेली की सगळं गेलं. व्हिडिओ कापतानाच्या तात्पुरत्या कामाला रेड ० ठीक आहे. आईवडिलांचे फोटो त्यावर ठेवणाऱ्याने ही पुस्तिका खाली ठेवून आधी ते फोटो दुसरीकडे उतरवावेत.

जाता जाता एक खुलासा, कारण तो दर वेळी विचारला जातो. पेटीत २४ टेराबाइट तयार झाले तरी विंडोज २१.८ च दाखवतं. कोणी काही चोरलेलं नाही. डिस्क बनवणारे टेराबाइट म्हणजे दहाचा बारावा घात धरतात, विंडोज दोनचा चाळिसावा घात धरतं, आणि शब्द दोघे एकच वापरतात.

या सगळ्या गणितातून रेड काय देतं? एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही. एवढंच. हे मोठं आहे, पण हे बॅकअप नाही, आणि या पुस्तिकेत हे वाक्य वाचकाला पुनःपुन्हा भेटेल. तुम्ही चुकून फोल्डर पुसलंत तर रेड ते चारही डिस्कांवरून तत्परतेने पुसतं. खंडणी मागणाऱ्या व्हायरसने फायलींना कुलूप घातलं तर कुलूपबंद फायलींची पॅरिटीसुद्धा अचूक काढली जाते. पेटीचा अडॅप्टर जळून चारही डिस्कांना नको तो व्होल्टेज गेला, तर हिशेब करायला कोणी उरतच नाही.

१९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचं काम चालू असताना पिक्सारच्या सर्व्हरवर कोणीतरी फायली पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली आणि पात्रं, दृश्यं डोळ्यांदेखत नाहीशी होऊ लागली. बॅकअप होता, पण तो नीट घेतला जात नव्हता हे त्या दिवशी कळलं. वाचवलं ते गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेच्या घरच्या संगणकाने. घरी तान्हं बाळ असल्यामुळे ती घरून काम करत होती आणि चित्रपटाची एक प्रत तिच्याकडे वेळोवेळी जात होती. पिक्सारच्या यंत्रणेत महागातली महाग उपकरणं होती. कामाला आली ती दुसऱ्या इमारतीतली, दुसऱ्या माणसाच्या ताब्यातली प्रत.

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला '३-२-१' हा नियम हेच सांगतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. आपल्याकडे 'दुसऱ्या ठिकाणी' याला पुस्तकी अर्थ नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं. तळमजल्यावरच्या कार्यालयात पेटी आणि तिची प्रत एकाच कपाटात असती तर दोन्ही एकत्रच भिजल्या असत्या. क्लाउडचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, पण ५० मेगाबिटच्या अपलोडने आठ टेराबाइट वर चढवायला अखंड पंधरा दिवस लागतात, हे आधी ध्यानात घ्यावं. मोठी एकटी डिस्क घेऊन, तिच्यावर प्रत उतरवून ती सांगलीच्या बहिणीकडे ठेवणं आणि दर दिवाळीला जाताना नवी नेऊन जुनी आणणं ही पद्धत आजही उत्तम चालते. मुलं अमेरिकेत असतील तर सुट्टीत आलेल्यांच्या बॅगेतही एक डिस्क मावते.

आता त्या प्रश्नाकडे येतो, ज्यासाठी मुळात ही पुस्तिका लिहावीशी वाटली. चार डिस्कांवर मजकूर कसा वाटला आहे याचा नकाशा कोणाकडे असतो?

पेट्या दोन जातीच्या. पहिल्या जातीत मागे एक छोटी चकती किंवा बटणं असतात; ती फिरवून रेडचा प्रकार निवडायचा, आणि पुढचं सगळं पेटीतली चिप करते. संगणकाला एकच मोठी डिस्क दिसते. हे सोपं आहे आणि दुकानदाराला हेच आवडतं. अडचण पाच-सहा वर्षांनी येते. पेटीचा बोर्ड जातो, डिस्क चारही ठणठणीत असतात, पण नकाशा त्या चिपच्या पद्धतीने लिहिलेला असतो. त्याच कंपनीचं तेच मॉडेल मिळालं तर कदाचित वाचता येईल. ते बंद झालं असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याचं दार. म्हणजे डिस्क मरेल म्हणून आपण चार घेतल्या आणि अडकलो तो शे-दोनशे रुपयांच्या चिपपाशी.

दुसऱ्या जातीची पेटी काहीच ठरवत नाही. चार डिस्क घालाव्यात, संगणकाला चार दिसतात. याला 'जेबॉड' म्हणतात. मग बांधणी संगणकाने करायची. लिनक्सवर 'एमडीएडीएम' आहे, झेडएफएस आहे. विंडोजमध्ये २०१२ च्या विंडोज ८ पासून 'स्टोरेज स्पेसेस' आहे. मॅकच्या 'डिस्क युटिलिटी'त रेड ० आणि रेड १ (तेच दोन डिस्कांवर लिहायचं) करता येतं, रेड ५ मात्र नाही, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं. इथे नकाशा डिस्कांवरच, पेटीच्या चिपवर अवलंबून नसलेल्या पद्धतीने लिहिलेला असतो. पेटी जळाली तर डिस्क काढाव्यात, दुसऱ्या कोणत्याही पेटीत किंवा थेट मदरबोर्डवर लावाव्यात, आणि लिनक्सला सांगावं की यांना ओळख. ते ओळखतं. माझा कौल पूर्णपणे या दुसऱ्या जातीला आहे, आणि पुस्तिकेतली सगळी कृती तिला धरूनच दिली आहे.

अर्थात यातही खाचखळगे आहेत. काही स्वस्त पेट्या चारही डिस्कांचा अनुक्रमांक संगणकाला एकच सांगतात; मग स्टोरेज स्पेसेस चौघींना एकच समजून तिघींकडे दुर्लक्ष करतं. काही पेट्यांची चिप मोठ्या डिस्कचे ५१२ बाइटचे कप्पे ४०९६ बाइटचे म्हणून दाखवते. त्या पेटीत भरलेली डिस्क बाहेर काढून थेट साटाला लावली की संगणक म्हणतो, ही तर कोरी आहे. आणि काही पेट्या एका डिस्कला अडखळायला झालं की चौघींचं कनेक्शन झटकून पुन्हा जोडतात. झेडएफएसचे जाणकार यूएसबीचं नाव काढलं की नाक मुरडतात ते या सवयीमुळे. तिन्ही दोष विकत घेतल्या घेतल्या, पेटी रिकामी असतानाच तपासता येतात. कसे, ते दुसऱ्या प्रकरणात आहे.

डिस्कांबद्दल लोक अकारण कमी विचार करतात. पेटीची चौकशी महिनाभर चालते आणि डिस्क 'असेल ती द्या' म्हणून घेतल्या जातात. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलला मान्य करावं लागलं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या त्यांच्या लाल लेबलच्या काही डिस्कांत 'एसएमआर' तंत्र होतं आणि ते लेबलवर लिहिलेलं नव्हतं. एसएमआरमध्ये मजकुराच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, घराच्या छपरावरच्या कौलांसारख्या. जागा वाचते, पण मधली एक पट्टी बदलायची तर पुढच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. फोटो एकदा भरून ठेवायला अशी डिस्क चालते. मेलेल्या डिस्कच्या जागी नवी घालून तिच्यावर सगळा मजकूर पुन्हा उतरवताना मात्र ती इतकी रेंगाळते की बांधणीला वाटतं, हीही मेली. म्हणून पेटीसाठी घ्यायची ती 'सीएमआर' डिस्क, आणि हे कंपनीच्या मॉडेलयादीत पाहूनच घ्यायची.

पुन्हा उतरवण्याच्या या कामाला 'रीबिल्ड' म्हणतात आणि रेड ५ ची खरी परीक्षा तिथे असते. आठ टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी १८० मेगाबाइटने भरली तरी बारा तासांहून जास्त लागतात, आणि तेवढा वेळ उरलेल्या तिघींना पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत वाचलं जावं लागतं. साध्या डिस्कांच्या तपशीलपत्रकात न वाचता येणाऱ्या चुकीचा दर दहाच्या चौदाव्या घाताइतक्या बिटांमागे एक असा दिलेला असतो. हा हिशेब १२.५ टेराबाइटवर येतो. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्या वागतात, पण आठ टेराबाइटच्या तीन डिस्क म्हणजे २४ टेराबाइट वाचायचे आहेत हे विसरू नये. मोठ्या डिस्क असतील तर रेड ६ किंवा १० घ्या, जागेचा मोह सोडा. चौघी एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेतल्या असतील तर त्यांचं वय, घडण, झीज सगळं सारखं असतं. दोन दुकानांतून घेणं केव्हाही बरं.

जुन्या एक्स्टर्नल डिस्क फोडून आतल्या डिस्क पेटीत घालाव्यात का? हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, आणि त्याला मोठी परंपरा आहे. २०११ मध्ये थायलंडमधल्या पुराने तिथले डिस्कचे कारखाने बंद पडले, जगभर किमती वाढल्या, तेव्हा बॅकब्लेझ या अमेरिकन साठवणूक कंपनीच्या लोकांनी दुकानादुकानांतून एक्स्टर्नल डिस्क गोळा केल्या आणि त्या फोडून आतला माल आपल्या यंत्रांत बसवला. साडेतीन इंची, वेगळा अडॅप्टर लागणाऱ्या डिस्कांबाबत हे जमतं. खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कांत पुष्कळदा यूएसबीचं तोंड थेट डिस्कच्या बोर्डावरच जडवलेलं असतं, तिथे साटाचा पत्ताच नसतो. काही कंपन्यांच्या पेटीची चिप सगळा मजकूर गुपचूप कूटबद्ध करते, त्यामुळे फोडण्याआधी मजकूर दुसरीकडे हलवायलाच हवा. आणि फोडलेली डिस्क नव्या पेटीत फिरतच नसेल तर ती मेली असं लगेच समजू नये. नव्या डिस्कांत वीजजोडणीची तिसरी पिन 'बंद राहा' असा इशारा देण्यासाठी वापरतात, आणि तिथे ३.३ व्होल्ट मिळाले की डिस्क आज्ञाधारकपणे बंद राहते. वॉरंटी जाते हे सांगायला नको.

डिस्क कधी मरणार हे ती आधी सांगेल या भरवशावरही राहू नये. 'स्मार्ट' नावाच्या आतल्या नोंदी पाहाव्यात, जरूर पाहाव्यात, आणि पेटीतून त्या वाचता येतात ना हे घेतानाच तपासावं. पण गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या डिस्कांपैकी एकतृतीयांशाहून जास्त डिस्कांच्या कोणत्याच नोंदीत आधी काही खूण उमटलेली नव्हती. त्याच अभ्यासात उष्णता आणि मरण यांचा संबंध लोक समजतात तेवढा सरळ नाही असंही दिसलं. तरी गूगलच्या वातानुकूलित दालनातलं निरीक्षण मे महिन्यातल्या चंद्रपूरला लावू नये. बहुतेक डिस्कांची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते. खोलीच ४५ ला असेल तर बंद पेटीत चार डिस्क तिथवर पोचायला वेळ लागत नाही. पंख्यामागची जाळी मोकळी ठेवावी, पेटी कपाटात कोंडू नये, आणि कोकणात असाल तर पावसाळ्यात ती महिनोन् महिने बंद ठेवण्याऐवजी आठवड्यातून काही तास चालवावी.

विजेबद्दल आपल्याकडच्या वाचकाला जास्त सांगावं लागतं, परदेशी माहितीपत्रकं इथे मुकी असतात. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना काही क्षण वीस ते पंचवीस वॉट ओढते, मग पाच-आठ वर स्थिरावते. चार एकदम सुरू झाल्या तर शंभर वॉटचा झटका. अडॅप्टर त्या मापाचा नसेल तर पेटी सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते आणि आपण डिस्कांना दोष देतो. शहाण्या पेट्या डिस्क एकामागून एक सुरू करतात. दिवे जाण्याचं संकट वेगळं. पॅरिटी लिहिताना मध्येच वीज गेली की मजकूर नवा आणि हिशेब जुना असं होऊ शकतं, आणि ही चूक पुढे डिस्क मेल्यावरच उघडी पडते. म्हणून यूपीएस हवाच. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा खटका 'यूपीएस' वर आहे ना ते पाहा. साध्या मोडमध्ये तो वीज बदलायला एवढा वेळ घेतो की पंखा फिरत राहतो आणि संगणक मात्र बंद पडतो. पेटी आणि संगणक दोन्ही त्याच यूपीएसवर हवेत. जुन्या वाड्यात किंवा चाळीत तीन पिनांच्या जागी दोन पिनांचं सॉकेट असेल आणि धातूच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी वायरमन बोलवा, मग पुढचं प्रकरण वाचा.

केबलचं प्रकरण मी लहान ठेवलं आहे. २००८ च्या यूएसबी ३.० चा वेग ५ गिगाबिट. पुढे त्याच वेगाचं दोनदा नव्याने बारसं झालं, त्यामुळे खोक्यावर ३.० लिहा, ३.१ जेन १ लिहा की ३.२ जेन १, वस्तू एकच. प्रत्यक्षात सेकंदाला चारशेच्या आसपास मेगाबाइट मिळतात. चार डिस्क मिळून सातशे-आठशे देऊ शकतात, म्हणून १० गिगाबिटची पेटी घेतली तर पैसे वाया जात नाहीत; चाळीस गिगाबिटच्या थंडरबोल्टवर साध्या फिरत्या डिस्क लावणं मात्र हौस आहे. टाइप-सी हा तोंडाचा आकार आहे, वेगाची हमी नाही. पेटीबरोबर आलेली आखूड केबलच वापरा, मध्ये हब घालू नका, आणि 'सुरक्षितपणे काढा' वर टिचकी मारल्याशिवाय केबल ओढू नका, मग विंडोज काहीही म्हणो.

मराठी फायलींची एक खास अडचण आहे, तिच्यावर इंग्रजी पुस्तकांत ओळही सापडत नाही. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक वर्णाला, मात्रेला, हलन्ताला तीन. म्हणजे आपल्या वाट्याला पंचाऐंशीच. विंडोजमध्ये निर्धास्त चाललेलं 'श्रीक्षेत्र पंढरपूर आषाढी एकादशी कीर्तन महोत्सव उद्घाटन सोहळा ध्वनिमुद्रण भाग पहिला मूळ संपूर्ण प्रत' असलं नाव लिनक्सवर उतरवताना नाकारलं जातं, आणि प्रत करणारा प्रोग्राम ते सांगेलच असं नाही. दुसरी गंमत 'ऱ' ची. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस पद्धतीत 'वाऱ्यावरची' मधला ऱ मोडून 'र' आणि नुक्ता असा साठवला जातो. विंडोजवर आणि लिनक्सवर तो टाइप केला तसाच राहतो. डोळ्यांना नाव एकच दिसतं, संगणकाला दोन फायली दिसतात. अशा दोन-दोन प्रती असलेली ध्वनिमुद्रणांची फोल्डरं दुर्मीळ नाहीत. नावं लहान ठेवा आणि तारीख आकड्यांत सुरुवातीला लिहा. जुन्या अंकांच्या फायली श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या जुन्या फॉन्टांत असतील तर ते फॉन्टसुद्धा त्याच फोल्डरमध्ये ठेवा. पेटी फायली जपेल, त्या वाचता येतील याची काळजी ती घेत नाही.

पुस्तिकेचा क्रम थोडा उलटा वाटेल. पेटी उघडून डिस्क बसवण्याची कृती तिसऱ्या प्रकरणात येते. पहिलं प्रकरण कागद-पेन्सिलचं आहे: काय जपायचं आहे, किती, त्यातलं पुन्हा मिळणार नाही असं कोणतं आणि गेलं तरी चालेल असं कोणतं. डाउनलोड केलेले चित्रपट आणि आजीच्या आवाजातल्या ओव्या यांना एकच तरतूद लावायची गरज नसते, आणि ही वर्गवारी केली की बऱ्याच जणांना चारऐवजी दोन खणांची पेटी पुरते. दुसरं प्रकरण रिकाम्या पेटीच्या तपासणीचं, तिसरं बांधणीचं. त्यात प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक लिहून खणावर चिकटवायला सांगितलं आहे ते वाचकांनी टाळू नये. डिस्क मेल्याचा निरोप संगणक अनुक्रमांकाने देतो, 'वरून दुसरी' असा देत नाही, आणि घाईत चांगली डिस्क ओढून काढली की रेड ५ तिथेच संपतं.

चौथं प्रकरण तालमीचं आहे. पेटी तयार झाल्यावर, तिच्यात थोड्या बिनमहत्त्वाच्या फायली भरून, एक डिस्क मुद्दाम बाहेर काढायची. फायली उघडतात का पाहायचं. मग तीच डिस्क कोरी करून परत घालायची आणि रीबिल्डला किती तास लागतात ते लिहून ठेवायचं. त्यानंतर बांधणी तशीच ठेवून सगळ्या डिस्क दुसऱ्या संगणकावर लावून पाहायच्या. हे करायला एक शनिवार-रविवार जातो आणि कंटाळाही येतो. पण ही तालीम न केलेल्या पेटीवर मी स्वतःच्या सोडा, शेजाऱ्याच्या फायलीही ठेवणार नाही.

तेव्हा वाचकांना विनंती एकच. पेटी आली, चालू झाली, सगळं तिच्यावर उतरलं, म्हणून टेबलाच्या खणातल्या जुन्या डिस्क लगेच पुसू नका, भाच्याला देऊन टाकू नका. चौथ्या प्रकरणातली तालीम पार पडेपर्यंत आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावी पोचेपर्यंत त्या तिथेच असू द्या.